दोन बोटं सैल सायकल

टिमकीच्या आईने सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न "कशाला?" असा आला नाही. "कुणासाठी?" असा आला. सगळा अपमान त्या एका शब्दात होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. सासूबाईंनी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं. आणि टिमकी, जिच्यामुळे हे सगळं उद्भवलं होतं, तिने काळजीने विचारलं, "आई, तुला पडता येतं?"

आता हे खरं की टिमकीची आई काळजी करणाऱ्यांपैकी होती. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि स्वच्छ दिसणाऱ्या पेल्यात काय काय पोहत असतं ते रोज डोळ्यांनी बघत होती. अशा माणसाला जगाकडे बेफिकीर नजरेने बघणं अवघडच. जिन्याचा कठडा हलवून बघितल्याशिवाय ती वर चढत नसे. पण म्हणून तिला सायकल येत नव्हती असं नाही. कॉलेजला ती सायकलनेच जायची. फक्त तो रस्ता ताटासारखा सपाट होता, आणि टिमकीचं पाळणाघर टेकडीवर होतं.

या पाळणाघरापर्यंत पोचायला टिमकीने बरेच उंबरे झिजवले होते. आधीच्या प्रत्येक ठिकाणी ती फाटकाला धरून अशी रडायची की शेजारची दुकानं बाहेर येऊन बघायची. या टेकडीवरच्या पाळणाघरात मात्र ती पहिल्याच दिवशी आत गेली ती मागे वळून न बघता. आईला हायसं वाटलं, थोडा रागही आला; पण राग गिळून तिने नोकरीवर पुन्हा रुजू व्हायचं धाडस केलं. सगळं सुरळीत चाललं असताना व्हॅनवाल्याने कळवलं की चढाचा रस्ता पार उखडलाय, यापुढे गाडी वर जाणार नाही.

मग उरली टेकडीची पायवाट. पहिल्या वळणापर्यंत टिमकी चालायची. दुसऱ्या वळणावर ती दगडावर बसायची, आणि ती एकदा बसली की बसली. तिला कडेवर घेऊन, घामाने निथळत, आई वर पोचायची तेव्हा पाळणाघराच्या बाई फाटक लावत असायच्या.

"पुन्हा उशीर झाला तर मला जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्यामुळे भीती जास्त वाटायची.

जागा गेली की टिमकीचं पुन्हा रडणं आणि आईची नोकरी सुटणं, हे एवढं सरळ होतं. म्हणून सायकल. डोंगरावर चढणारी, मागे टिमकीची सीट असलेली.

बातमी कॉलनीत पसरायला संध्याकाळही लागली नाही. तळमजल्यावरचे ओव्हरसियर काका, ज्यांनी आयुष्यभर रस्ते बांधले आणि आता त्यांच्यावर टीका करत होते, ते चपला घालून वरच आले.

"फ्रेम लोखंडी घे," ते दार उघडायच्या आत म्हणाले. "वजनदार. रस्त्याला चिकटून राहते."

"काका, पण ती मला वर न्यायचीये."

"म्हणूनच सांगतोय! हलकी वस्तू वाऱ्याने उडते."

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ याच्या अगदी उलट मताचे. त्यांची स्वतःची सायकल कार्बनची होती. ती दिवाणखान्यात दुलईखाली झोपायची आणि त्यांची बायको पाहुण्यांना आधी सायकल, मग मुलं दाखवायची. कॉलनी त्यांना तोंडावरही 'कार्बन'च म्हणे आणि त्यांना ते आवडे.

"वहिनी, पुढेही शॉकअप, मागेही शॉकअप," कार्बन डोळे मिटून म्हणाले. "ढगावर बसल्यासारखं वाटतं."

टिमकीच्या आईने विचार केला. मागच्या शॉकअपने प्रत्येक पायडलला सायकल खालीवर डुलणार, म्हणजे पायातली निम्मी ताकद डुलण्यात जाणार. शिवाय मागे टिमकीची सीट बसवायची तर ती या डुलणाऱ्या भागावर बसवायची कशी?

"मागे नको," ती म्हणाली. "मागे टिमकी आहे."

कार्बन दुखावले. त्यांच्या घरातल्या दुलईलाही ते लागलं असावं.

त्या दिवसापासून तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही. सायकलचे भाग निवडायला हौस लागत नाही. भीती लागते. लोक विचारतात, हे किती जोरात पळतं? ती विचारायची, हे आधी कुठे मोडेल? सायकलच्या दुकानदाराने असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो प्रेमाने एकेक वस्तू काचेवर मांडायचा आणि ती प्रत्येक वस्तूचा मृत्यू कसा होईल याची चौकशी करायची.

"आणि ही साखळी चढावर तुटली तर?"

"ताई, तुटत नाही."

"तुटलीच तर?"

"मग... थांबायचं."

"कशाने?"

इथून ब्रेकचा विषय निघाला. दुकानदाराने आधी तारेचे ब्रेक दाखवले. तिने मुठीने दाबून बघितले आणि मान हलवली. उतारावर चार बोटं हँडलला घट्ट धरलेली असणार, घाबरलेली असणार, त्यांच्याकडून दुसरं काम होणार नाही. ब्रेकसाठी एकच बोट मोकळं राहणार. एका बोटाने लागणारा ब्रेक हवा. दुकानदार आत गेला आणि तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक घेऊन आला. तिने करंगळीने दाबले. चाक जागच्या जागी उभं राहिलं.

"ही तर करंगळी होती," दुकानदार म्हणाला.

"खात्री केलेली बरी," ती म्हणाली.

गिअरचंही तसंच. कार्बननी फोनवरून बजावलं होतं की पुढची चकती मोठी घ्या, सपाटीवर वारा कापत जाल. तिला वारा कापायचा नव्हता. तिने पुढची चकती लहानात लहान घेतली आणि मागे सगळ्यात मोठी चकती जवळपास ताटलीएवढी. म्हणजे पाय भराभर फिरणार, सायकल हळूहळू सरकणार, पण गुडघ्यांवर दया करणार. टायर तिने जाड, खडबडीत काट्यांचे निवडले, आणि त्यात हवा जरा कमी ठेवायला सांगितली, म्हणजे सुट्या खडीवर ते पसरून जमीन धरतील. पुढचा शॉकअप असा, की चढावर एक खटका दाबला की त्याने डुलणं बंद करायचं. एव्हाना दुकानदार तिच्यासाठी स्टूल पुसायला लागला होता.

नवरा दरम्यान मोबाइलवर डोंगरातून उड्या मारणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत होता. "अगं, हा बघ, हा दरीवरून गेला!"

"मला पाळणाघरात जायचंय," ती म्हणाली.

पण पायवाटेवर, दुसऱ्या वळणापुढे लागणाऱ्या टेकडीच्या फाटकावर एक पाटी होती: 'वाहनांना सक्त मनाई.' आता सायकल हे वाहन आहे का? या प्रश्नासाठी टिमकीची आई टेकडीची व्यवस्था बघणाऱ्या कार्यालयात गेली. तिथल्या क्लार्कने चहा संपेपर्यंत विचार केला.

"इंजिन आहे?"

"नाही."

"मग वाहन नाही." ती उठायला लागली. "पण गिअर आहेत म्हणालात ना? मग यंत्र आहे. यंत्राला परवानगी लागते."

"मग द्या."

"यंत्राची परवानगी खोदकामाला मिळते. तुम्ही खोदणार आहात?"

ती म्हणाली की तसा विचार नाही. क्लार्क साहेबांकडे गेला. साहेब जेवायला गेले होते. साहेब जेवून आले, पण झोपाळले होते. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला की बिनइंजिनची, चाकं असलेली, टेकडीवर चालणारी एकच गोष्ट त्यांच्या माहितीत होती, ती म्हणजे माळ्याची हातगाडी. टिमकीच्या आईची सायकल, अजून न जुळलेली, सरकारदरबारी हातगाडी झाली.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा इतका हसला की सासूबाईंना पाणी आणावं लागलं. तिने मान ताठ ठेवली. हातगाडी तर हातगाडी, वर जायला मिळाल्याशी कारण.

त्याच दिवशी ती पाळणाघराच्या बाईंना भेटली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चढावर मध्येच पाय टेकला की सायकल मागे सरकते. मागे मूल असतं. आधी एकट्या या. खालपासून माझ्या फाटकापर्यंत, एकदाही पाय न टेकता. सोमवारी सकाळी मी इथे उभी राहून बघेन. जमलं तर टिमकीला खुशाल सायकलवरून आणा. नाही जमलं, तर जागा सोडा. रांगेत मुलं आहेत."

हे इतकं रास्त होतं की वाद घालायला जागाच नव्हती. ती स्वतः बाईंच्या जागी असती तर तिनेही हीच अट घातली असती, कदाचित हेल्मेटचीही.

उरलं फ्रेमचं माप. दुकानदार संकोचला. पायाच्या आतल्या बाजूचं, टाचेपासून वरपर्यंतचं माप लागतं, ते घरी घ्या आणि कळवा, म्हणाला. नवऱ्याने व्हिडिओत पाहिलं होतं: भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांमध्ये जाड पुस्तक धरायचं. तो शब्दकोश शोधायला लागला.

"पुस्तक कशाला?" सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली. "या कॉलनीतल्या अर्ध्या लोकांच्या पँटी मी शिवल्यात. उभी राहा गं सरळ. श्वास आत ओढू नकोस, पायांना पोट नसतं."

त्यांनी माप घेतलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, आणि दुकानात फोनही स्वतःच केला. "तू चुकीचं सांगशील," त्या म्हणाल्या.

शनिवारी सायकल आली. खरं सांगायचं तर ती देखणी होती. रंग गडद हिरवा, टायर जाडजूड, मागची चकती चकाकणारी. अख्खी कॉलनी खाली जमली. ओव्हरसियर काकांनी टायरला लाथ मारून ते टिकाऊ असल्याचं जाहीर केलं. टिमकीच्या आईने पाय पलीकडे टाकला आणि तिचा चेहरा उतरला. सीट तळापर्यंत खाली घेऊनही तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चवडेसुद्धा नाही. ती आणि पृथ्वी यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर होतं, आणि ते अंतर काही केल्या मिटेना.

"आई," तिने सासूबाईंकडे वळून विचारलं, "माप बरोबर सांगितलंत ना?"

"म्हणजे काय! आणि वर दोन बोटं माया ठेवली."

ओव्हरसियर काकांनी टायरवरचा पाय काढून घेतला.

"माया? अहो आई, सायकलला माया?"

"मग? कुठल्याही शिवणीला ठेवतात. उद्या धुतली आणि आटली तर?"

नवऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. टिमकीच्या आईला रडू आलं, आणि मग इतका राग आला की रडू परत गेलं. ती दुकानात धावली. दुकानदार हळहळला, लहान फ्रेम मागवावी लागेल, म्हणाला, यायला बरेच दिवस लागतील. सोमवार परवावर आला होता.

रविवारी तिने कॉलनीच्या आवारात सराव केला. चढायला इमारतीची पायरी होती. उतरायला काहीच नव्हतं. दर फेरीला ती पायरीजवळ येऊन नवऱ्यावर आदळायची. संध्याकाळपर्यंत नवऱ्याचं व्हिडिओ बघणं बंद झालं होतं.

"राहू दे का?" तो दंड चोळत, पण खरंच काळजीने म्हणाला. "दुसरं पाळणाघर बघू."

"टिमकी तिथे मागे वळून बघत नाही," ती म्हणाली. नवऱ्याला ते कळलं. तो पुन्हा पायरीजवळ उभा राहिला.

सोमवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी एवढी माणसं होती की वरच्या फाटकावरचा पहारेकरी तिथूनच बघून बावचळला. सासूबाई टिमकीला घेऊन व्हॅनवाल्याच्या मेहरबानीने लांबच्या वळशाने निघाल्या. जिथे रस्ता उखडलाय तिथून चालत येणार होत्या. ओव्हरसियर काका शिट्टी घेऊन आले होते. कार्बन दुलईतून सायकल काढून आले होते, रस्ता दाखवायला. नवरा मागून धावणार होता, झेलायला.

ती पायथ्याच्या कट्ट्यावरून सायकलवर चढली आणि निघाली.

पहिल्या वळणापर्यंत तिने मागची सगळ्यात मोठी चकती गाठली होती. पाय भराभरा फिरत होते आणि सायकल इतकी संथ चालली होती की ओव्हरसियर काका सहज शेजारून चालत होते. खरं तर ते पुढेच जात होते आणि तिच्यासाठी थांबत होते.

"पाठ वाकव! श्वास सोड! हा उतार चुकीचा काढलाय, मी असतो तर..."

"काका, बाजूला!"

दुसऱ्या वळणावर, टिमकीच्या दगडापाशी, सुटी खडी होती. कार्बन पुढे होते, रुबाबात. त्यांच्या त्या हलक्या, अरुंद, टणक हवेच्या टायरखाली खडी सरकली, मागचं चाक जागेवर गरगरलं, आणि कार्बननी पाय टेकला. अगदी वाटेच्या मधोमध.

"वहिनी, एक मिनिट थांबा!"

"मला थांबता येत नाही!"

कुणी असं वाक्य शौर्याने उच्चारलं असेल, कुणी गर्वाने. टिमकीच्या आईने ते निव्वळ माहिती म्हणून दिलं. थांबलं की पाय टेकावा लागतो, आणि तिच्या पायाला टेकायला जमीनच नव्हती. कार्बन सायकलसकट झुडपात गेले. तिचे जाड टायर खडीवर पसरले, कुरकुरले आणि धरून राहिले.

त्यापुढे फाटक. पहारेकऱ्याने हात आडवा केला. "परवानगी?"

"मागून नवरा येतोय, त्याच्याकडे आहे!"

"त्यात हातगाडी लिहिलंय! हातगाडीवर बसता येत नाही!"

"मी कुठे बसलेय?" ती ओरडली, आणि ते अक्षरशः खरं होतं. एवढ्या उंच सायकलवर चढाला जोर लावायचा तर उभंच राहावं लागत होतं. पहारेकऱ्याने नियमाच्या दृष्टीने विचार केला, आणि तो विचार संपेपर्यंत ती फाटकातून गेली होती.

शेवटचं वळण सगळ्यात खडं. इथे तिच्या मांड्या पेटल्या. छातीत भाता चालू झाला. अशा वेळी तिचं डोकं एरवी अपघातांची रांग लावायचं: साखळी तुटेल, चाक निखळेल, दरी, रुग्णालय. पण रांग लागेना. साखळी तिने तपासून घेतली होती, चाकंही, ब्रेक तर करंगळीने. सगळ्या काळज्या तिने आधीच करून टाकल्या होत्या आणि आता एकही शिल्लक नव्हती. उरला होता एकच मोह: जरासा पाय टेकावा. तिने टेकायला पाय खाली सोडलाही. खाली दोन बोटं हवा होती. पाय बिचारा परत पायडलवर गेला.

वरून आवाज यायला लागले. पाळणाघराच्या खिडकीच्या गजांत मुलांची डोकी बसवल्यासारखी दिसत होती, आणि त्या सगळ्यांवर मात करणारा एक आवाज, ज्याच्यामुळे घरात लेकीचं नाव टिमकी पडलं होतं: "ती माझी आई आहे! ती पडत नाहीये!"

टिमकीच्या आईने शेवटचे फेरे कसे मारले ते तिला सांगता येणार नाही. एकदम लोखंडी फाटक समोर आलं, तिने करंगळीने ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी फाटकाचे गज गच्च धरले. सायकल उभी. ती सायकलवर. पाय पायडलवर.

पाळणाघराच्या बाई फाटकाच्या पलीकडे होत्या. त्यांनी वाकून तिच्या पायांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"टेकला नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," ती धापा टाकत म्हणाली. "जागा राहिली ना?"

"राहिली. आता उतरा."

"बाई, तेच जमत नाहीये."

बाईंचा न चढणारा आवाज पहिल्यांदा हसताना ऐकू आला. पण त्या पुढे यायच्या आधीच आतून टिमकी निघाली. तिने आपलं लाल स्टूल फरफटत आणलं. हे ते स्टूल, ज्यावर ती पाळणाघरात दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. तिने ते फाटकाखालून बाहेर सरकवलं आणि ओव्हरसियर काकांना सायकलच्या शेजारी नीट मांडायला लावलं.

"यावर पाय ठेव, आई. मी बघते."

टिमकीच्या आईने एक पाय त्या लाल स्टुलावर ठेवला आणि मग दुसरा जमिनीवर. हत्तीवरून उतरणाऱ्या राण्यांची जी ऐट असते म्हणतात, ती यापेक्षा फार वेगळी नसावी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओव्हरसियर काकांनी शिट्टी फुंकली, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. नवरा हातात परवानगी धरून, धापा टाकत पोचला आणि फाटकाशेजारच्या कट्ट्यावर आडवा झाला. त्याच्यामागे केसांत पानं अडकलेले कार्बन आले. त्यांनी हिरव्या सायकलकडे बराच वेळ बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, टायरमध्ये हवा किती ठेवलीत?"

तेवढ्यात फाटकाच्या आत बसलेल्या सासूबाई बाहेर आल्या. टेप गळ्यातच होती. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"बघ," त्या म्हणाल्या, "बेताच्या मापाची असती तर पहिल्याच वळणावर उतरली असतीस."

याला उत्तर होतं. चांगली दोन-तीन उत्तरं होती. पण ती तोलून बघताना टिमकीच्या आईला जाणवलं की त्यातलं एकही खरं नाही.

पुढे लहान फ्रेम आली आणि तिने निवडलेला एकूण एक भाग त्या फ्रेमवर चढला. मोठी फ्रेम उंच नवऱ्याच्या वाट्याला गेली. आता तो व्हिडिओ बघत नाही, रविवारी कार्बनच्या मागून चढतो आणि टिमकीच्या दगडावर बसून राहतो. कार्बननी टायर बदलले. पहारेकरी रोज सकाळी हातगाडीला सलाम करतो.

टिमकीची सीट बसली त्या दिवशी सासूबाई तिच्या गादीसाठी खोळ शिवायला बसल्या. माप घेता घेता त्या थबकल्या आणि चष्म्यावरून सुनेकडे बघून जरा दबकतच म्हणाल्या, "वाढतं अंग आहे. दोन बोटं ठेवू का?"

टिमकीची आई ब्रेक तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"चार ठेवा," ती म्हणाली.